चिनी साम्यवादी परराष्ट्रीय धोरण : उगम व विकास

चीनच्या साम्यवादी पक्षाने सत्तेवर येण्यापूर्वी (१९२१–४९) आणि चीनचे लोकसत्ताक स्थापन झाल्यानंतर (१ ऑक्टोबर १९४९) अन्य राष्ट्रांशी व आंतरराष्ट्रीय साम्यवादी चळवळीशी ठेवलेल्या संबंधांचे धोरण. या धोरणाचा इतिहास सामान्यतः १९४९ पासून सांगण्यात येतो. तथापि त्याची मूलतत्त्वे आणि विशेषतः त्याची कार्यपद्धती तत्पूर्वीच्या अठ्ठावीस वर्षांत घडली. १९४९ नंतर चीनने प्रथम सोव्हिएट रशियाचा मित्र, नंतर उभय महासत्तांचा विरोधक आणि पुढे रशियाविरुद्ध अमेरिकेचा सहकारी, अशा परस्परविसंगत वाटणाऱ्या भूमिका घेतल्या. या भूमिकांमागे तीन सूत्रे आढळतात : गमावलेले सार्वभौमत्व व प्रदेश परत मिळविणे, एका वेळी एकच प्रमुख शत्रू निश्चित करून त्याविरुद्ध इतर सर्वांची संयुक्त आघाडी उभारणे, आणि कोणत्याही मित्रावर, तो समान विचारसरणीचा असला तरी, पूर्णतः विसंबून न राहणे. ही तिन्ही सूत्रे पक्षाने सत्तेवर येण्यापूर्वीच्या अनुभवांतून घेतली होती.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पारंपरिक चीनच्या राज्यव्यवहारात समान दर्जाच्या सार्वभौम राष्ट्रांची कल्पना नव्हती. चिनी सम्राट हा सुसंस्कृत जगाचा अधिपती मानला जाई आणि शेजारची राज्ये नजराणे पाठवून त्याचे श्रेष्ठत्व मान्य करीत. पहिल्या अफूच्या युद्धाने (१८३९–४२) या व्यवस्थेला हादरा बसला. नानकिंगच्या तहान्वये (१८४२) हाँगकाँग ब्रिटनकडे गेले व पाच बंदरे परकीय व्यापारास खुली झाली. त्यानंतरच्या तहांनी जकातीचे दर ठरविण्याचा हक्क चीनने गमावला. परकीय नागरिकांवर चिनी न्यायालयांचा अधिकार राहिला नाही आणि प्रमुख शहरांत परकीयांच्या स्वतंत्र वसाहती निर्माण झाल्या. रशियाने १८५८ व १८६० च्या तहांनी आमूर नदीच्या उत्तरेकडील व उसुरी नदीच्या पूर्वेकडील विस्तीर्ण प्रदेश मिळविला. जपानने १८९५ मध्ये फॉर्मोसा (तैवान) घेतले. बॉक्सर बंडानंतर १९०१ मध्ये चीनवर ४५ कोटी टेल चांदीची युद्धखंडणी लादण्यात आली. या सर्व करारांना चिनी राष्ट्रवाद्यांनी ‘विषम तह’ असे नाव दिले. ते रद्द करणे हे पुढील सर्व चिनी राजवटींचे, मग त्या राष्ट्रवादी असोत वा साम्यवादी, समान उद्दिष्ट राहिले.

१९११ च्या क्रांतीने राजेशाही संपुष्टात आली. परंतु चीनची आंतरराष्ट्रीय स्थिती सुधारली नाही. पहिल्या महायुद्धात चीन दोस्त राष्ट्रांच्या बाजूने उतरला होता. असे असता व्हर्सायच्या शांतता परिषदेने शांटुंग प्रांतातील जर्मनीचे हक्क चीनला परत न देता जपानला दिले. याच्या निषेधार्थ ४ मे १९१९ रोजी पीकिंगमध्ये विद्यार्थ्यांनी निदर्शने केली व त्यांतून देशव्यापी चळवळ उभी राहिली. पाश्चात्त्य लोकशाही राष्ट्रांविषयीचा सुशिक्षितांचा भ्रमनिरास होत असतानाच, झारशाहीने चीनमध्ये मिळविलेले विशेषाधिकार सोडून देण्याची घोषणा सोव्हिएट शासनाने जुलै १९१९ मध्ये केली. ती १९२० मध्ये चीनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचा मोठा प्रभाव पडला. साम्राज्यवाद ही भांडवलशाहीची अंतिम अवस्था होय, या लेनिनच्या सिद्धांतात चिनी तरुणांना आपल्या देशाच्या अवनतीचे स्पष्टीकरण आणि तीवरील उपाय अशा दोन्ही गोष्टी सापडल्या. चीनमध्ये साम्यवादाकडे जाण्याचा मार्ग अशा रीतीने बव्हंशी राष्ट्रवादातून गेला.

पक्षाची स्थापना व कॉमिंटर्नचे नेतृत्व (१९२१–३५) : चिनी साम्यवादी पक्षाची स्थापना जुलै १९२१ मध्ये शांघाय येथे झाली. दुसऱ्या अधिवेशनात (१९२२) पक्षाने साम्राज्यवाद व लष्करी सरदारशाही यांविरुद्ध लढा पुकारला आणि कॉमिंटर्न या आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटनेचे सदस्यत्व स्वीकारले. या काळात पक्षाला स्वतःचे असे परराष्ट्रीय धोरण नव्हते. मॉस्कोचे धोरण तेच त्याचे धोरण होते. कॉमिंटर्नच्या आदेशानुसार पक्षाने सन्-यत्-सेन यांच्या क्वोमिंतांग पक्षाशी पहिली संयुक्त आघाडी केली (१९२४–२७) आणि साम्यवादी सभासद व्यक्तिशः क्वोमिंतांगमध्ये दाखल झाले. एप्रिल १९२७ मध्ये चँग कै-शेक याने शांघाय येथे साम्यवाद्यांची कत्तल केली, तेव्हा या आघाडीचा अंत झाला. स्वतंत्र सैन्यबळ नसलेल्या पक्षाला आघाडीत स्वतःचे रक्षण करता येत नाही, आणि दूरच्या राजधानीतून ठरविलेले धोरण प्राणघातक ठरू शकते, असे दोन धडे पक्षाला यातून मिळाले.

सोव्हिएट हितसंबंध व चिनी राष्ट्रीय हितसंबंध यांतील विरोधही लवकरच प्रत्ययास आला. मांचुरियातील पूर्व चिनी रेल्वेच्या मालकीवरून १९२९ मध्ये रशिया व चीन यांच्यात सशस्त्र संघर्ष झाला. त्या वेळी सोव्हिएट रशियाचे रक्षण करण्याची घोषणा साम्यवादी पक्षाने केली. अशा घोषणेने चिनी जनता दुरावेल, असे पक्षाचा संस्थापक नेता चेन तू-श्यू याचे मत होते. पक्षाच्या नेतृत्वाशी त्याचे मतभेद विकोपाला जाऊन त्याच वर्षी त्याची पक्षातून हकालपट्टी करण्यात आली.

नोव्हेंबर १९३१ मध्ये क्यांगसी प्रांतातील ज्वेचिन येथे चिनी सोव्हिएट प्रजासत्ताकाची घोषणा झाली. डोंगराळ भागातील या शासनास कोणत्याही भांडवलशाही राष्ट्राची मान्यता नव्हती. तरीही त्यात परराष्ट्र विभाग होता आणि एप्रिल १९३२ मध्ये त्याने जपानविरुद्ध युद्ध घोषित केले. प्रत्यक्ष युद्ध करण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नव्हते. परंतु जपानने १९३१ मध्ये मांचुरिया व्यापल्यानंतर चँग कै-शेक अंतर्गत शत्रूचा निःपात आधी करू पाहत होता. अशा वेळी राष्ट्रीय प्रतिकाराचा पुरस्कर्ता पक्ष म्हणून साम्यवाद्यांनी स्वतःची प्रतिमा निर्माण केली.

येनान कालखंड (१९३५–४५) : महाप्रस्थानाच्या (१९३४–३५) काळात माओ-त्से-तुंग याच्याकडे पक्षाचे प्रत्यक्ष नेतृत्व आले. पक्षाने उत्तर शेन्सी प्रांतात आश्रय घेतला व १९३७ च्या प्रारंभी येनान हे आपले केंद्र केले. साम्यवादी परराष्ट्रीय धोरणाची खरी जडणघडण याच ठिकाणी झाली. फॅसिस्ट शक्तींविरुद्ध व्यापक आघाडी उभारण्याचे धोरण कॉमिंटर्नने १९३५ मध्ये स्वीकारले होते. डिसेंबर १९३६ मध्ये सिआन येथे चँग कै-शेकला त्याच्याच सेनाधिकाऱ्यांनी नजरकैदेत ठेवले, तेव्हा त्याची सुटका व्हावी अशी भूमिका साम्यवादी पक्षाने अखेर घेतली. जुलै १९३७ मध्ये जपानशी सर्वंकष युद्ध सुरू झाल्यानंतर दुसरी संयुक्त आघाडी अस्तित्वात आली. या वेळी मात्र पक्षाने आपले सैन्य व प्रदेश यांवरील नियंत्रण सोडले नाही.

या अनुभवास माओने सैद्धांतिक रूप दिले. अनेक अंतर्विरोधांपैकी एक त्या काळापुरता प्रमुख असतो. त्यानुसार शत्रू ठरवावा, मधल्या गटांना आपल्याकडे वळवावे आणि शत्रूंमधील मतभेदांचा लाभ घ्यावा, अशी ही मांडणी होती. साम्राज्यवादी राष्ट्रांतही भेद करावा, हे तिचे परराष्ट्रीय धोरणातील उपप्रमेय होय. त्यानुसार जपानविरुद्ध अमेरिका व ब्रिटन यांच्याशी सहकार्य तत्त्वतः ग्राह्य ठरले. या पद्धतीत मित्र व शत्रू ही स्थिर नाती नसून परिस्थितिसापेक्ष स्थाने होती. १९४९ नंतरच्या अनेक वळणांचा उलगडा या सिद्धांताने होतो.

मान्यता नसलेल्या या राजवटीने अनौपचारिक राजनयाची साधनेही येनानमध्ये विकसित केली. अमेरिकन पत्रकार एडगर स्नो याने १९३६ मध्ये उत्तर शेन्सीत माओच्या मुलाखती घेतल्या. त्याच्या रेड स्टार ओव्हर चायना या ग्रंथामुळे (१९३७) पक्षाची जगाला ओळख झाली. नॉर्मन बेथ्यून हा कॅनडियन शल्यचिकित्सक १९३८ मध्ये साम्यवादी प्रदेशात आला. त्याच वर्षी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक चीनला पाठविले. त्यांपैकी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस येनानमार्गे उत्तर चीनमधील युद्धभूमीवर गेले, बेथ्यूनच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मृत्यू पावले. शासनांना वगळून परकीय जनतेशी व व्यक्तींशी जोडलेल्या या संबंधांना पुढे ‘लोकराजनय’ असे नाव मिळाले.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकन लष्कराचे निरीक्षक पथक येनानमध्ये आले. पुढील महिन्यात पक्षाच्या मध्यवर्ती समितीने परराष्ट्रव्यवहारासंबंधी आदेश काढून या घटनेला आपल्या राजनैतिक कार्याचा प्रारंभ मानले. जानेवारी १९४५ मध्ये माओ व चौ एन-लाय यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या भेटीसाठी वॉशिंग्टनला जाण्याची तयारी दर्शविली. तिला प्रतिसाद मिळाला नाही. अमेरिकेने चँग कै-शेकच्या शासनास पाठिंबा देणे चालू ठेवले. याउलट याल्टा परिषदेत (फेब्रुवारी १९४५) स्टालिनने मांचुरियातील रेल्वे व बंदरांविषयी सवलती मिळविल्या आणि १४ ऑगस्ट १९४५ रोजी राष्ट्रवादी शासनाशी तह करून त्या पक्क्या केल्या. साम्यवादी पक्षाचा सल्ला या वाटाघाटींत घेण्यात आला नव्हता. एकाच वर्षात दोन्ही महासत्तांकडून आलेला हा अनुभव स्वावलंबनाच्या सूत्रास पोषक ठरला.

यादवी युद्ध व एकपक्षीय कल (१९४६–४९) : अमेरिकन सेनापती जॉर्ज मार्शल याची मध्यस्थी जानेवारी १९४७ मध्ये संपुष्टात आली. तत्पूर्वी, ऑगस्ट १९४६ मध्ये, ॲना लुइस स्ट्राँग या अमेरिकन लेखिकेला दिलेल्या मुलाखतीत माओने अमेरिका व रशिया यांच्या दरम्यान पसरलेल्या आशिया, आफ्रिका व यूरोप खंडांतील देशांच्या ‘मध्यवर्ती पट्ट्या’ची कल्पना मांडली. अमेरिका प्रथम या पट्ट्यावर वर्चस्व मिळवू पाहील, म्हणून संघर्षाचे खरे क्षेत्र तेच होय, असा तिचा आशय होता. जगाचे दोनच गट मानणाऱ्या सोव्हिएट मांडणीपेक्षा हा विचार वेगळा होता. पुढील काळातील तिसऱ्या जगाच्या सिद्धांताचे बीज त्यात आढळते.

१९४९ च्या पूर्वार्धात विजय दृष्टिपथात आल्यावर नेतृत्वाने तीन निर्णय घेतले. राष्ट्रवादी शासनाचे राजनैतिक संबंध वारशाने न स्वीकारता प्रत्येक राष्ट्राशी समानतेच्या पायावर नव्याने वाटाघाटी कराव्यात. साम्राज्यवादी हितसंबंधांचे अवशेष देशातून आधी दूर करावेत व मग अशा राष्ट्रांशी संबंध जोडावेत. आणि जागतिक संघर्षात समाजवादी गटाची बाजू घ्यावी. माओने तिसरा निर्णय ३० जून १९४९ च्या लेखात जाहीर केला. अमेरिकन राजदूत जॉन लेटन स्ट्यूअर्ट व साम्यवादी प्रतिनिधी ह्वांग ह्वा यांच्यात त्या सुमारास नानकिंगमध्ये चाललेल्या भेटीगाठी निष्फळ ठरल्या. अमेरिकेशी समेट करण्याची संधी या वेळी खरोखर होती किंवा कसे, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पहिल्या दोन निर्णयांमागील राष्ट्रीय स्वाभिमानाची प्रेरणा मात्र निर्विवाद आहे.

रशियाशी मैत्री (१९४९–५३) : डिसेंबर १९४९ मध्ये माओ मॉस्कोला गेला व सुमारे दोन महिन्यांच्या वाटाघाटींनंतर १४ फेब्रुवारी १९५० रोजी तीस वर्षांचा मैत्री व परस्परसाहाय्याचा तह झाला. रशियाने एक टक्का व्याजाने ३० कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले आणि मांचुरियातील रेल्वे परत करण्याचे मान्य केले. त्याचबरोबर सिंक्यांगमधील खनिज तेल व धातू यांसाठी संयुक्त कंपन्या स्थापन झाल्या. चिनी नेत्यांना हा जुन्या सवलतींचाच प्रकार वाटला. दरम्यान ब्रह्मदेश, भारत व ब्रिटन यांनी नव्या राजवटीस मान्यता दिली होती.

जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू होताच अमेरिकेने सातवे आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत पाठविले. त्यामुळे तैवानवरील साम्यवाद्यांची नियोजित मोहीम अशक्य झाली. अमेरिकन सैन्य यालू नदीकडे सरकू लागल्यावर ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी ‘स्वयंसेवक’ दले कोरियात उतरली. जुलै १९५३ च्या युद्धविरामापर्यंत चीनने प्रबळ राष्ट्राला थोपवून धरल्यामुळे त्याची प्रतिष्ठा वाढली. परंतु संयुक्त राष्ट्रांनी त्यास आक्रमक ठरविले, व्यापारबंदी लादली गेली आणि तैवानचा प्रश्न अनिर्णित राहिला.

शांततामय सहजीवन (१९५४–५७) : कोरियातील युद्धविरामानंतर नवस्वतंत्र राष्ट्रांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. प्रारंभी चिनी प्रचारात नेहरू, ऊ नू इ. नेत्यांचा उल्लेख साम्राज्यवादाचे हस्तक असा होई. आता ते मधल्या गटातील संभाव्य मित्र ठरले. तिबेटविषयीच्या २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन कराराच्या प्रस्तावनेत पंचशीलाची पाच तत्त्वे प्रथम नमूद झाली. त्याच वर्षी जिनीव्हा परिषदेत हिंदी चीनच्या प्रश्नावर चौ एन-लाय याने तडजोडीची भूमिका घेतली. बांडुंग येथील २९ राष्ट्रांच्या परिषदेत (एप्रिल १९५५) त्याने विचारसरणीविषयक वाद टाळून वसाहतवादाच्या समान अनुभवावर भर दिला. इंडोनेशियाशी दुहेरी नागरिकत्वाविषयी करार करून परदेशस्थ चिनी रहिवाशांबद्दलची भीती कमी करण्याचाही त्याने प्रयत्न केला. अमेरिकेशी राजदूत-पातळीवरील बोलणी याच वर्षी सुरू झाली.

रशियाशी फूट व दुहेरी संघर्ष (१९५८–६९) : ख्रुश्चॉव्हने १९५६ मध्ये स्टालिनवर केलेली टीका व अमेरिकेशी सहजीवनाचे त्याचे धोरण यांमुळे मतभेद वाढले. तथापि केवळ तात्त्विक वादामुळे फूट पडली नाही. संयुक्त आरमाराचा व चिनी किनाऱ्यावरील रेडिओ केंद्राचा सोव्हिएट प्रस्ताव (१९५८) माओला सार्वभौमत्वावरील अतिक्रमण वाटला. जून १९५९ मध्ये रशियाने अणुबाँबविषयक साहाय्य थांबविले. सप्टेंबरमध्ये भारत-चीन सीमातंट्यात तटस्थतेचे निवेदन काढले आणि १९६० च्या उन्हाळ्यात सु. १,३९० तंत्रज्ञ परत बोलाविले. १९६३ पर्यंत हा वाद उघडपणे जगापुढे आला. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिला अणुस्फोट घडवून आणला व अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याची घोषणा केली.

दोन्ही महासत्तांशी शत्रुत्व पत्करल्यामुळे आशिया व आफ्रिका यांचे महत्त्व वाढले. ब्रह्मदेश (१९६०), नेपाळ (१९६१), मंगोलिया (१९६२), पाकिस्तान व अफगाणिस्तान (१९६३) यांच्याशी सीमाकरार झाले. चौ एन-लाय याने १९६३-६४ मध्ये आफ्रिकेचा दौरा करून आर्थिक साहाय्याची आठ तत्त्वे मांडली. टांझानिया ते झँबिया हा सु. १,८६० किमी. लांबीचा लोहमार्ग (१९७०–७५) हे या साहाय्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. मात्र शासनांशी मैत्री राखतानाच ब्रह्मदेश, मलाया, थायलंड इ. देशांतील साम्यवादी बंडखोरांना पक्षामार्फत मदत दिली जाई. राज्यपातळी व पक्षपातळी यांतील हे द्वैत शेजारी राष्ट्रांच्या अविश्वासाचे मोठे कारण ठरले. ग्रामीण जग शहरी जगाला वेढील, असा सिद्धांत लिन प्याव याच्या १९६५ च्या लेखात मांडला गेला. परंतु त्याच वर्षी इंडोनेशियात साम्यवादी पक्षाचा संहार झाला व अल्जिअर्स येथील नियोजित आफ्रो-आशियाई परिषद भरू शकली नाही. सांस्कृतिक क्रांतीत कैरोतील ह्वांग ह्वा याचा अपवाद वगळता सर्व राजदूत मायदेशी बोलाविण्यात आले आणि ऑगस्ट १९६७ मध्ये रक्षकदलांनी पीकिंगमधील ब्रिटिश कचेरी जाळली. चीनचे आंतरराष्ट्रीय एकाकीपण या काळात परमावधीस पोहोचले.

अमेरिकेशी समझोता (१९६९–७८) : रशियाने १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सैन्य घुसविले आणि मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीवरील बेटावर चिनी व रशियन सैन्यांत चकमकी झडल्या. रशिया हा प्रमुख शत्रू ठरताच येनानमधील पद्धती पुन्हा उपयोगात आली. माओच्या आदेशावरून चार मार्शलांनी आंतरराष्ट्रीय परिस्थितीचा अभ्यास केला व महासत्तांमधील विरोधाचा लाभ घेता येईल, असे सुचविले. हेन्री किसिंजर यांची गुप्त भेट (जुलै १९७१), संयुक्त राष्ट्रांतील चीनचे स्थान साम्यवादी शासनास मिळणे (२५ ऑक्टोबर १९७१, ठरावाच्या बाजूने ७६ व विरुद्ध ३५ मते) आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची भेट (फेब्रुवारी १९७२) या घटना त्यानंतर घडल्या. सप्टेंबर १९७२ मध्ये जपानशी राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. माओने १९७४ मध्ये मांडलेला तीन जगांचा सिद्धांत डंग शियाओ-पिंग याने एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांत विशद केला. महासत्ता हे पहिले, इतर विकसित राष्ट्रे हे दुसरे आणि चीनसह विकसनशील राष्ट्रे हे तिसरे जग, असे हे वर्गीकरण विचारसरणीवर नव्हे, तर सामर्थ्यावर आधारलेले होते.

प्रमुख शत्रूच्या या कसोटीची किंमत इतरांना द्यावी लागली. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधील दडपशाहीच्या वेळी चीनने पाकिस्तानला पाठिंबा दिला आणि ऑगस्ट १९७२ मध्ये बांगला देशाच्या संयुक्त राष्ट्रांतील प्रवेशाविरुद्ध नकाराधिकार वापरला. चिलीतील १९७३ च्या लष्करी उठावानंतर तेथील डाव्या विचारांच्या कार्यकर्त्यांचा छळ होत असताही चीनने नव्या राजवटीशी संबंध तोडले नाहीत. कंबोडियात पोल पोटच्या राजवटीस त्याचे साहाय्य मिळत राहिले. अल्बेनियाची मदत १९७८ मध्ये बंद झाली आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनने व्हिएटनामवर, एकेकाळच्या निकटच्या मित्रावर, सैन्य धाडले.

आधुनिकीकरण व स्वतंत्र धोरण (१९७८ नंतर) : डिसेंबर १९७८ पासून आर्थिक विकास हे राष्ट्राचे प्रमुख कार्य ठरले आणि परराष्ट्रीय धोरण त्याच्या सेवेस जुंपण्यात आले. १ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेशी पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाले. १९५० चा रशियाशी झालेला तह मुदत संपताच १९८० मध्ये लोप पावला. पक्षाच्या बाराव्या अधिवेशनाने (१९८२) कोणत्याही महासत्तेशी युती न करण्याचे स्वतंत्र धोरण घोषित केले. मे १९८९ मध्ये मिखाईल गोर्बाचॉव्ह यांच्या भेटीने रशियाशी संबंध पूर्ववत झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, जून १९८९ मध्ये, तिएनआनमेन चौकाच्या परिसरातील हत्याकांडामुळे पाश्चात्त्य राष्ट्रांनी चीनवर निर्बंध लादले. डंगने अशा परिस्थितीत संयम राखण्याचा व नेतृत्वाचा हव्यास न धरण्याचा सल्ला दिला. हाँगकाँग (१९९७) व मकाव (१९९९) परत मिळाल्याने विषम तहांचे पर्व मुख्य भूमीपुरते संपले. रशियाशी सीमानिश्चिती २००८ पर्यंत पूर्ण झाली आणि २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला.

शी जिनपिंग यांच्याकडे २०१२ मध्ये नेतृत्व आल्यानंतर संयमाचे धोरण मागे पडले. रस्ते, रेल्वे व बंदरे यांद्वारे आशिया, आफ्रिका व यूरोप जोडण्याची योजना २०१३ मध्ये मांडण्यात आली. दक्षिण चिनी समुद्रात कृत्रिम बेटे उभारण्यात आली व या समुद्रावरील ऐतिहासिक हक्काचा दावा फेटाळणारा २०१६ चा आंतरराष्ट्रीय लवादाचा निर्णय चीनने अमान्य केला. परदेशी लष्करी तळ न ठेवण्याचा जुना दंडक सोडून २०१७ मध्ये जिबूती येथे तळ सुरू करण्यात आला.

भारताशी संबंध : साम्यवादी गटाबाहेरील राष्ट्रांपैकी चीनशी राजनैतिक संबंध जोडणारे पहिले राष्ट्र भारत होय (१ एप्रिल १९५०). पंचशीलाकडे भारतात दोन प्राचीन संस्कृतींमधील स्थायी मैत्रीचे तत्त्व म्हणून पाहिले गेले. चिनी नेतृत्वाच्या दृष्टीने ते मध्यवर्ती राष्ट्रांना जोडून घेण्याच्या व्यापक धोरणाचा भाग होते. १९५४ च्या कराराची मुदत आठ वर्षांची होती व त्यात सीमेविषयी स्पष्ट निर्णय नव्हता. अक्साई चीनमधील रस्ता (१९५७), तिबेटमधील उठाव व दलाई लामांचे भारतात आगमन (१९५९) आणि एप्रिल १९६० मधील नेहरू-चौ वाटाघाटींचे अपयश यांनंतर, जून १९६२ मध्ये करार मुदतबाह्य झाला. २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२ या काळात चीनने सीमेवर युद्ध केले. राजदूतांची पुनर्नेमणूक १९७६ मध्ये व पंतप्रधान राजीव गांधी यांची चीनभेट डिसेंबर १९८८ मध्ये झाली. प्रत्यक्ष नियंत्रणरेषेवर शांतता राखण्याविषयी १९९३ व १९९६ मध्ये करार झाले. जून २०२० मधील गलवान खोऱ्यातील चकमकीत वीस भारतीय सैनिकांना वीरमरण आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सीमेवरील गस्तीविषयी समझोता झाला. मूळ सीमाप्रश्न मात्र सुटलेला नाही.

मूल्यमापन : चिनी साम्यवादी धोरणाचे स्पष्टीकरण काही अभ्यासक मार्क्सवादी विचारसरणीत, तर काही पारंपरिक साम्राज्याच्या वारशात शोधतात. पक्षाच्या प्रत्यक्ष इतिहासात दोहोंचा संयोग दिसतो : उद्दिष्ट राष्ट्रवादाने दिले, विश्लेषणाची भाषा लेनिनवादाने दिली आणि पद्धती वीस वर्षांच्या सशस्त्र संघर्षाने शिकविली. या पद्धतीमुळे दुर्बल असतानाही चीनला महासत्तांपुढे स्वातंत्र्य टिकविता आले. परंतु मित्रांचे मोल प्रमुख शत्रूच्या संदर्भात ठरत असल्याने त्याची मैत्री दीर्घकाळ टिकल्याची उदाहरणे थोडी आहेत. पाकिस्तान हे त्यांतील ठळक होय. संयुक्त आघाडीचे तंत्र मूलतः दुर्बल पक्षाने प्रबळ शत्रूविरुद्ध वापरावयाचे होते. स्वतः प्रबळ झालेल्या चीनविरुद्ध शेजारी राष्ट्रे एकत्र येण्याचा संभव असल्यामुळे, हे तंत्र त्याला यापुढे कितपत उपयोगी पडेल, हा त्याच्या परराष्ट्रीय धोरणापुढील मुख्य प्रश्न आहे.